बरनचा कातळ आणि कोकणचा सडा

३१ जुलै २०२४ रोजी केंद्र सरकारने पश्चिम घाटातल्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा काढला. आदल्याच दिवशी वायनाडमध्ये डोंगर खचून शेकडो माणसं गेली होती. सहा राज्यांतलं सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे, त्यातलं १७,३४० महाराष्ट्रातलं. घाटाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यानंतर माळीण झालं, तळिये झालं, इर्शाळवाडी झाली. मसुदे येतात, मुदत संपते, पुन्हा येतात.

प्रत्येक मसुद्यानंतर आमच्या कोकणातल्या नातेवाइकांत तोच वाद पेटतो. एक काका म्हणतात, आता घराचे कौल बदलायलाही दिल्लीची परवानगी लागणार. पुण्यातला भाचा म्हणतो, गावाला चिऱ्याच्या खाणी हव्यात, मग दरडी कोसळल्या की रडायचं कशाला? मसुदा वाचला तर त्यात बंदी आहे ती खाणी, दगड आणि वाळूउपसा, औष्णिक वीजप्रकल्प, सर्वाधिक प्रदूषण करणारे उद्योग आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं यांच्यावर. कौलांचा त्यात कुठेही संबंध नाही. पण काकांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या जमिनीबद्दल कोणीतरी काहीतरी ठरवतंय आणि त्यांना ते ऐकीव कळतंय, हे खरंच आहे.

मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेत राहते. इथून हा वाद पाहताना मला ठामपणे वाटतं की ‘पर्यावरण की विकास’ हा प्रश्नच आपण चुकीचा मांडलाय. त्या जमिनीवर राबणाऱ्याला अभ्यासात धरलं का, आणि जमीन राखण्याचे पैसे त्याला मिळणार का, हे आधी विचारायला हवं.

गॉलवेच्या उपसागरापलीकडे क्लेअर परगण्यात बरन नावाचा चुनखडीचा प्रदेश आहे. लांबून नुसता करडा कातळ. जवळ जाऊन वाकलं की मे महिन्यात दगडाच्या फटींत जेन्शियनची निळीभोर फुलं दिसतात. आर्क्टिकची आणि भूमध्य समुद्राकाठची झाडं इथे एकमेकांच्या शेजारी वाढतात. १९९१ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं. तिथल्या मुल्लामोर टेकडीजवळ सरकारला पर्यटक केंद्र बांधायचं होतं. त्या वादाने नव्वदच्या दशकात गावंच्या गावं दुभंगली. शेतकऱ्यांकडे तेव्हा अनेकजण संशयानेच बघत: यांची गुरं, यांची खतं, यांच्यापासून फुलं वाचवायला हवीत.

ब्रेंडन डनफर्ड या संशोधकाने त्याच काळात पीएच.डी.साठी बरनच्या शेतीचा अभ्यास केला. शेतकऱ्यांना जे ठाऊक होतं ते त्याने नीट मोजून मांडलं. चुनखडी उन्हाळ्यात तापते आणि ती ऊब हिवाळ्यात धरून ठेवते, पाणीही साचत नाही. म्हणून इथले लोक पिढ्यानपिढ्या हिवाळ्यात गुरं डोंगरावर चढवत आणि वसंतात खाली आणत. गुरं राठ गवत खाऊन टाकायची, फुलांना उजेड मिळायचा. पुढे गोठे बांधले गेले, मुरघास, म्हणजे मुरवून साठवलेला हिरवा चारा, आला, गुरं वर जाईनाशी झाली. गवत माजलं, हेझलची झुडपं पसरली. म्हणजे बऱ्याच ठिकाणी फुलांना धोका होता तो गुरं न चरण्याचा.

त्यावरून २००५ मध्ये वीस शेतांवर प्रकल्प सुरू झाला आणि पुढे शेकडो शेतकरी त्यात आले. दर उन्हाळ्यात प्रत्येक तुकड्याला दहापैकी गुण मिळतात. गवत किती खाल्लं गेलं, वाळका थर किती साचला, झुडपं किती वाढली, पाण्याच्या टाकीभोवती किती चिखल झाला, हे सगळं तपासतात. गुण जास्त, तसे पैसे जास्त. गुण कसे वाढवायचे ते शेतकऱ्याने ठरवायचं: भिंत दुरुस्त करायची, वर पाणी न्यायचं की झुडपं तोडायची.

एका शेतकऱ्याबरोबर मी त्याच्या रानात फिरले आहे. टाकीजवळच्या चिखलामुळे आपला गुण गेला, याचा त्याला मनापासून राग होता. टाकी पंधरा पावलं पुढे, खडकावर सरकवली की पुढच्या वर्षी गुण परत येईल, हे तो मला हाताने दाखवून सांगत होता. त्या माणसाच्या लेखी फुलं हे आता त्याचं पीक आहे.

म्हणून आयर्लंडला शहाणपणाचं प्रमाणपत्र देऊन टाकावं असं मात्र नाही. पीट, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. याच देशाने पीटच्या दलदलींबाबत नेमकी उलटी वागणूक केली. देशाचा जवळपास पाचवा भाग पीटचा आहे. गावोगाव लोक आपल्या हक्काच्या पट्ट्यात पीटच्या विटा कापतात, उन्हात उभ्या करून वाळवतात आणि थंडीत चुलीत जाळतात. युरोपीय संघाच्या १९९२ च्या निर्देशानुसार काही दलदली संरक्षित झाल्या. घरगुती कापणीला सरकारने दहा वर्षांची सवलत दिली आणि ती वर्षं जवळजवळ काहीही न करता घालवली. २०११ मध्ये ५३ दलदलींवर कापणी बंद झाली, तेव्हा भरपाई आली: वर्षाला १,५०० युरो, पंधरा वर्षं. पण तोवर विश्वास उडाला होता. लोक बंदी मोडून कापत राहिले आणि आंदोलनात आघाडीवर असलेले ल्यूक फ्लॅनगन त्याच वर्षी डॉलमध्ये, म्हणजे इथल्या लोकसभेत, निवडून गेले. पीट जपणं कार्बनसाठी अत्यावश्यक आहे, याबद्दल मला जराही शंका नाही. पण लोकांना अगदी शेवटी कळवलं, तर बरोबर गोष्टसुद्धा हरते.

प्रकल्प ‘स्वच्छ’ असला म्हणजे सगळं माफ, असंही नाही. २००३ मध्ये गॉलवे परगण्यातल्या डेरीब्रायनला पवनचक्क्यांचं काम चालू असताना पीटचा अख्खा उतार खाली वाहत गेला. पर्यावरणीय परिणामांचं मूल्यांकन रीतसर झालंच नव्हतं, म्हणून २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने देशाला ५० लाख युरो आणि वर दररोज १५,००० युरो दंड ठोठावला. कोकणात प्रत्येक प्रकल्पाला ‘हरित’ अशी पाटी लावणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आता काका विचारतील, की आमच्याकडे युरोपचे पैसे कुठे आहेत? बरोबर आहे. पन्नास-पंचावन्न लाख लोकसंख्येच्या देशाला जे जमतं ते आपल्याला तसंच्या तसं जमणार नाही. आमच्या सातबारावर इतकी नावं आहेत की सगळ्यांच्या सह्या घेता घेता वर्ष जाईल. निम्मी माणसं मुंबईत. पण पद्धत आपल्याला परकी नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला. तिथे गावच अभ्यास करतं, गावच जंगल राखतं आणि बांबूचा पैसा गावात येतो. गाडगीळ समितीनेही ग्रामसभांना विचारून पुढे जायला सांगितलं होतं. अहवालातला हाच भाग पहिल्यांदा गाळला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

कोकणच्या सड्यांपासून सुरुवात करता येईल. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. सरकारदरबारी मात्र ते पोटखराबा, पडीक. पावसाळ्यात त्याच जांभ्यावर सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू फुलतात. त्यात मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना पुरतं. आणि सड्यावर कोरलेली प्राचीन कातळशिल्पं! अभ्यासक सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधली ती गुराख्यांना, गावकऱ्यांना विचारत विचारत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि २०२३ मध्ये बारसूच्या त्याच सड्यावर रिफायनरीसाठी माती तपासायला पोलीस बंदोबस्त लागला. आयर्लंडच्या मेयो परगण्यातही पीटखाली गाडलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या शेतांच्या भिंती प्रथम ओळखल्या त्या पॅट्रिक कॉलफील्ड नावाच्या गावच्या शिक्षकाने, १९३० च्या दशकात, पीट कापताना सारखे दगड लागतात म्हणून.

राजापूर, लांजा, रत्नागिरीतली दहा-बारा गावं निवडा. गुरं कुठे, कधी चरतात, वणवा कोण लावतं, कुठल्या सड्याचं पाणी कुठल्या विहिरीला जातं, हे गावातल्या बायका आणि गुराखी यांच्याबरोबर बसून लिहून काढा. सड्याला गुण द्या आणि गुणांप्रमाणे पैसे ग्रामसभेच्या खात्यात जमा करा. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही ठेवायचीच आहे. अनेक ठिकाणी ती घाईघाईत भरून कपाटात गेली. ती बाहेर काढा, ग्रामसभेत मोठ्याने वाचा, चुका दुरुस्त करा, आणि सातव्या मसुद्याचा नकाशा त्यानंतरच काढा.