बायबलचं 'मधलं वचन': माझी चूक

रविवारी मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर मीच टाकलं होतं की स्तोत्रसंहिता या पुस्तकातल्या स्तोत्र 118 च्या आधी 594 आणि नंतर 594 अध्याय आहेत, म्हणून 'माणसापेक्षा परमेश्वराचा आश्रय बरा' हे 118:8 (118व्या स्तोत्राचं 8वं वचन) बायबलच्या बरोबर मध्यभागी येतं. हे चूक आहे. काल मोजलं. आपल्या बायबलच्या 66 पुस्तकांत 1189 अध्याय, स्तोत्रसंहितेच्या आधीच्या ईयोब या पुस्तकापर्यंत 478. मधला, 595वा, येतो स्तोत्र 117, अवघ्या दोन वचनांचा. शिवाय ही अध्यायवार विभागणी 13व्या शतकातली, मूळ लेखकांची नव्हे. 118:8 मधला संदेश मात्र खराच आहे. आईने पाठ करून घेतलं तेव्हा पानं मोजली नव्हती. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.