घंगाळाबद्दल आपण लिहिलेल्या मजकुराला उत्तर

नमस्कार सर,

आपण अभिप्रायात दिलेले दोन तारे आणि खालचा मजकूर वाचला. अंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं घंगाळ वसुबारसेला देतो म्हणालो आणि भाऊबीज उलटल्यावर दिलं. चूक आमची, मनापासून माफी मागतो. अभ्यंगस्नान प्लॅस्टिकच्या बादलीवर उरकावं लागलं हे वाचून खरंच वाईट वाटलं. भांडं तयार होतं, पण पितळी कड्या ओतून यायच्या राहिल्या आणि तिकडचे कामगार दिवाळीला गावी निघून गेले. तरी तारीख मी दिली होती, तेव्हा बोल मलाच.

पुढे आपण लिहिलंय, "ठोके वेडेवाकडे, शिकाऊ पोराकडून करून घेतलंय आणि हातकाम म्हणून दुप्पट पैसे लावलेत." तिसऱ्या फोटोत लाल गोल काढलाय. तो फोटो मी मोठा करून चार वेळा पाहिला. सर, ते ठोके आपल्या चिरंजीवांचे आहेत.

नवरात्रात शनिवारी आपण घरच्यांना घेऊन तांबट आळीत काम बघायला आलात. चहा झाला. मुलगा माझ्याशेजारी बसला आणि त्याने हातोडी मागितली. मी नको म्हटलं. आपण म्हणालात, "मारू दे हो दोन-चार, आठवण राहील." मोबाइलवर शूटिंगही केलंत, ते असेलच आपल्याकडे. दोन-चारचे नऊ झाले. मी मोजले, कारण नंतर ते मलाच निस्तरायचे होते.

आता हे जरा सविस्तर सांगतो, कारण वाचणाऱ्यांना वाटेल आम्ही काहीही खपवतो. भट्टीत लाल केलं की तांबं मऊ पडतं. त्याला घाट देऊन, धुऊन, चिंचेने लख्ख घासून मग मठार करायचा, म्हणजे हातोडीने सगळीकडे ठोके उठवायचे. मठार शोभेसाठी असतो असं लोकांना वाटतं, पण मऊ पडलेल्या पत्र्याला ताठपणा त्यानेच येतो. लोखंडी दांड्यावर भांडं धरून तळाच्या मध्यापासून सुरुवात करायची आणि फेर घेत घेत काठापर्यंत यायचं. ठोक्याला ठोका लागून पडला पाहिजे. हातोडीचं तोंड आरशासारखं घासलेलं असतं. ते सपाट बसलं तर गोल चकचकीत टिकली उठते, कड लागली तर नख रुतल्यासारखी कोर उमटते. आपल्या लाल गोलात अशा नऊ कोरी आहेत. बाकीच्या घंगाळावर एक सापडली तर मला दाखवा.

त्या कोरींवर मी टिकल्या चढवणारच होतो. "राहू दे तसंच" हेही आपलेच शब्द. म्हणून मी आजूबाजूने ओळी जुळवत आणल्या आणि ती जागा सोडली. त्यात अर्धा दिवस गेला, त्याची मजुरी लावलेली नाही. आणि शिकाऊ म्हणाल तर मला स्वतःला बाबांनी पहिली तीन वर्षं भट्टी आणि घासणी सोडून काही हातात दिलं नव्हतं. आळीत आधीच ठोक्यांचा आवाज कमी होत चाललाय, त्यात असं लिहिलेलं वाचून नवीन गिऱ्हाईक पायरी चढत नाही हो.

किमतीचं म्हणाल तर आपल्याला ऑनलाइन स्वस्त दिसलेल्या घंगाळाचं वजन बघा. आपलं ४ किलो १०० ग्रॅम, काट्यावर आपल्यासमोर घातलं. तांबं तांब्याच्या भावाने, मजुरी वेगळी, पावतीवर दोन्ही लिहिलंय. आठ दिवसांत काळपट झालं म्हणता, ते तांबं आहे, हवा-पाण्याने होणारच. चिंच-मीठ लावून धुवा, कोरडं पुसा. तारेची घासणी लावू नका.

आणखी एक. "गल्ल्यावरचे आजोबा तीनदा विचारलं तरी उत्तर देत नाहीत, माज आहे." ते माझे वडील. पन्नास वर्षं हातोडीच्या आवाजात बसून त्यांना उजव्या कानाने काही ऐकू येत नाही, डाव्याने थोडं येतं. आपण बहुतेक उजवीकडून विचारलं असेल. हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही.

यापुढे पावतीवर तारीख लिहून देणार आहोत, सणासुदीला शक्यतो दोन-चार दिवस हातचे ठेवून. पाहुण्यांच्या हातात हातोडी द्यायची की नाही, तेही बघतोय.

घंगाळ घेऊन या, मठार मोफत सारखा करून देतो. फक्त ते नऊ ठोके घालवायचे का, हे मुलाला विचारून या. सोमवारी दुकान बंद असतं. पावती नसली तरी चालेल, भांडं मी ओळखतो.