बॉनेटवरचा तारा आणि गॅरेजातला फिटर

जर्मन गाडीला पूर्वीचा मान राहिलाय का, हा वाद गोव्यात घालायचा तर हा मान आला कुठून ते आधी बघावं लागतं. तो शोरूमातून आलेला नाही, टॅक्सीस्टँडवरून आलाय.

१९५५ साली भारताने पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. तरी मुरगाव बंदरातून खनिज बाहेर जात होतं आणि युरोपचा माल आत येत होता. त्या काळात इथे मर्सिडीज आणि ओपेल चक्क भाड्याने धावायच्या. मर्सिडीज १८० डी म्हणजे १७६७ सीसीचं डिझेल इंजिन, ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती. चढावर धाप लागायची. पण सगळं यांत्रिक. व्हॉल्व्हची फट पाना आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घेऊन झाडाखाली बसून लावता यायची. १९६१ नंतर आयात आटली तरी या गाड्या वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून चालल्या, कारण जो भाग मिळत नाही तो लेथवर करून घेता यायचा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, पोर्चमधली गाडी रुबाब दाखवायची हे खरं, पण नाव कमावलं ते टॅक्सीवाल्याच्या गाडीने. फिटर म्हणायचा, "पात्रांव (मालक), ही मरत नाही." झालं, तीच जाहिरात.

आज कोणत्याही जुन्या फिटरला विचारा, हे वाक्य तो टोयोटाबद्दल म्हणतो. माझ्या मते सगळा बदल एवढाच आहे. चालवणाऱ्याचं प्रेम अजून जर्मन गाडीवर आहे, फिटरचा विश्वास उडालाय. आणि गोव्यासारख्या लहान जागेत गाडीचा लौकिक गॅरेजातच ठरतो.

चालवणाऱ्याचं प्रेम उगाच नाही. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर नव्या जुवारी पुलावर आडवा वारा येतो तेव्हा बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज किंवा ऑडीची ए-फोर जशी रेघेत राहते, तशी उंच एसयूव्ही राहत नाही. फोक्सवॅगन व्हर्टस घ्या, दीड लिटर टर्बो, १५० अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर, आणि तळाची उंची १७९ मिमी. म्हणजे गावच्या गतिरोधकावर पोट घासणं कमी. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला आणि फोक्सवॅगनच्याच टायगूनला पाच तारे आहेत. फोक्सवॅगनची पोलो २०२२ मध्ये बंद झाली तरी तिच्यासाठी हळहळणारे लोक अजून भेटतात. दार बंद झाल्यावर येणारा तो जड 'धप्' अजून विकला जातो. त्या आवाजाला मीही भुलतो, खोटं कशाला बोला.

पण गोव्यात साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, हवेत मीठ आहे आणि रोजचा प्रवास पंधरा-वीस किलोमीटरचा. जर्मन गाडीला या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तऱ्हेने छळतात.

पाणी आधी घेऊ, कारण सर्वांत महागात तेच पडतं. ऑडी आणि फोक्सवॅगनच्या बऱ्याच मॉडेलांत वायपरखाली एक खोल पन्हाळ असते. तिच्या तळाला रबरी नळ्या असतात. गाडी आंब्याखाली किंवा किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली उभी असेल तर पानं आणि सुया त्या नळ्यांत बसतात. पन्हाळ भरते आणि पाणी ब्रेक बूस्टर, वायरिंग, कधी थेट केबिनमध्ये जातं. सनरूफचंही तेच. चारही कोपऱ्यांतून नळ्या खाली जातात. मे महिन्यात एक काम करा. सनरूफ उघडून कोपऱ्यातल्या भोकात अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. पुढचं पाणी दाराच्या बिजागरीजवळून किंवा पुढच्या चाकामागून काही सेकंदांत खाली पडलं पाहिजे. पडत नसेल तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी नळीत घालून हलक्या हाताने फिरवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आतल्या आत नळी निप्पलवरून निसटते आणि मग पाणी छतातून खाली येतं. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत बॅटरी डिकीत असते, म्हणून डिकीचा गालिचाही उचलून बघा. ओल असेल तर बॅटरीच्या भोवतालचे कनेक्टर हिरवे पडलेले दिसतील.

गंजाबद्दल मात्र जर्मनांना श्रेय द्यायला हवं. ऑडीने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पूर्ण बॉडीला जस्ताचा मुलामा दिला, आणि खारट हवेत त्याचा फरक दिसतो. उलट १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातली मर्सिडीजची ई-क्लास, डब्ल्यू २१०, चाकांच्या कमानीतून सडते. सगळे जर्मन यात सारखे नाहीत.

आता लहान प्रवास. २०२० च्या बीएस-सहा या प्रदूषणाच्या नियमानंतरच्या डिझेल गाडीत धुराच्या नळीत डीपीएफ नावाची गाळणी असते. काजळी साठली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून ती गाळणी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवतं आणि काजळी जाळतं. त्याला एका दमात पंधरा-वीस मिनिटं सलग धाव लागते. पणजी ते म्हापसा १३ किलोमीटर, त्यातला बराच वेळ पर्वरीच्या रांगेत. जाळणं अर्ध्यावर तुटतं, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑईल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, ते डिझेल आहे. पातळ ऑईल टर्बोचं बेअरिंग खातं. आयडलिंग थोडं वर गेलंय, पंखा जोरात फिरतोय, करपल्यासारखा वास येतोय, अशा वेळी गाडी बंद न करता महामार्गावर २००० आरपीएमच्या वर वीस मिनिटं फिरवून आणा. रोजची धाव दहा-पंधरा किलोमीटरचीच असेल तर सरळ पेट्रोल घ्या.

रांगेत दुसरं मरण गिअरबॉक्सचं. व्हर्टस आणि टायगूनच्या दीड लिटर इंजिनाबरोबर येणारा सात गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स, म्हणजे डीएसजी (डीक्यू २००), कोरड्या दुहेरी क्लचचा आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गाडी इंचाइंचाने सरकवली की क्लच अर्धवट घासत राहतो, तापतो, आणि उष्णता गिअर बदलणाऱ्या मेकॅट्रॉनिक युनिटपर्यंत जाते. पुढे गाडीभर जागा होईपर्यंत ब्रेक नीट दाबून थांबा आणि मगच हला. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. एक लिटर इंजिनाच्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर आहे, त्याला ही भीती नाही. गर्दीत राहणाऱ्याने मोठ्या इंजिनाच्या मोहात पडताना एवढा हिशेब करावा.

बीएमडब्ल्यूत बहुतेक ठिकाणी झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स आहे, फार चांगला. फक्त 'याचं तेल आयुष्यभराचं' यावर विश्वास ठेवू नका. बनवणारी झेडएफ स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांत तेल बदलायला सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणून पूर्ण पॅन बदलतात. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना. थंड गाडीत अंदाजाने भरणाऱ्याकडे देऊ नका.

आणि प्लास्टिक! थर्मोस्टॅटचं घर, कूलंटचे जोड, पाण्याची टाकी, सगळं प्लास्टिक. मायलेजसाठी इंजिनं गरम चालवतात, प्लास्टिक कडक होऊन तडकतं. सहा-सात वर्षांनंतर टाकी आणि झाकण बदलूनच टाका. कूलंट गाडीच्या पुस्तकातल्या ग्रेडचं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. विहिरीचं पाणी ओतलं की रेडिएटरमध्ये क्षाराचा थर बसतो, आणि वेगळ्या जातीचं कूलंट मिसळलं की आत जेलीसारखा गाळ होतो.

जहाजावर जाणाऱ्या तारवटींच्या गाड्या महिनोन् महिने उभ्या असतात. कुलूप लावून अर्ध्या तासाने गाडी झोपली पाहिजे, म्हणजे बॅटरीतून ५० मिलिअँपियरपेक्षा जास्त वीज ओढता कामा नये. एखादं मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पेटी, जागं राहून २०० मिलिअँपियर ओढत असेल तर ८० अँपियर-तासांची बॅटरी सतरा दिवसांत कोरडी. थोडंथोडं चार्जिंग देणारा ट्रिकल चार्जर लावून ठेवा, हँडब्रेक सोडून चाकाला दगड लावा. बीएमडब्ल्यूला नवी बॅटरी घातली की स्कॅनरने तिची नोंद करावी लागते. नाही केली तर गाडी तिला म्हातारीच समजून तसंच चार्जिंग देते.

सेकंडहँडचा मोह सर्वांत मोठा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार, म्हणून तिथल्या चकचकीत गाड्या इकडे स्वस्तात येतात. नव्या क्रेटाच्या पैशांत आठ वर्षांची थ्री सिरीज दारात. गाडीची किंमत पडते, सुट्या भागांची पडत नाही, हे गणित सहीच्या वेळी कुणाला आठवत नाही. जुनी बीएमडब्ल्यू डिझेल बघत असाल तर २००७ नंतरचं एन ४७ इंजिन आहे का विचारा. त्याची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. थंड इंजिन सुरू करून मागून खरखर ऐकू आली तर परत फिरा, कारण चेनपर्यंत पोचायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ दिसली तर ती पुरातली गाडी. मूळ आरटीओचं एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि गोव्याचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो तो किमतीत धरा. तपासणी बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, फोक्सवॅगन-ऑडीला व्हीसीडीएस याच स्कॅनरवर. बाजारातला स्वस्त ब्लूटूथ डोंगल इंजिनाचे कोड तेवढे दाखवतो, बाकी मॉड्यूल गप्प.

रनफ्लॅट टायरचं काय, असं लोक विचारतात. पंक्चर झाल्यावर ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं. पण टायरच्या कडक बाजूमुळे खड्ड्यात अलॉयचं चाक तडकतं. साधे टायर घालून डिकीत हवेचा पंप आणि पंक्चर किट ठेवणं मला बरं वाटतं. चाक बदलताना लक्षात ठेवा, इथे नट नाहीत, बोल्ट आहेत. चाक हातात तोलून भोकं जुळवावी लागतात. बोल्ट आवळायचे ते फोक्सवॅगनला १२० न्यूटन-मीटर, नव्या बीएमडब्ल्यूला १४०. पाईप लावून पायाने दाबणारा टायरवाला दिसला तर आधीच थांबवा.

दीड लिटरची व्हर्टस घेऊन रोज पर्वरी ओलांडणारे कुणी असतील तर किती किलोमीटरवर क्लच बदलला ते खाली लिहा. आणि म्हापसा ते फोंडा पट्ट्यात झेडएफचं तेल तापमान बघून भरणारं गॅरेज माहीत असेल तर तेही.