संसाराचा विनोदी चित्रपट कसा काढावा

मराठवाड्यातल्या एखाद्या कुटुंबाच्या ओढाताणीवर हसवता हसवता रडवणारा चित्रपट काढण्याचे आपण मनावर घेतले, हे फार बरे झाले. आमचे संसार एरवीही विनोदीच असतात, फक्त त्यांना तिकीट लावणारा कोणी भेटत नव्हता.

पात्रांना सरसकट कोल्हापुरी वळणाचे बोलायला लावावे. नांदेडची आजी नातवाला 'लेकरू' कोणत्या हेलात म्हणते, हे ऐकायला तिथवर जाण्याइतका वेळ आपल्यापाशी नसतो.

पाण्याचा प्रसंग मात्र हवाच. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, पहिल्या गाडीला 10 वाघिणी आणि त्यांत 5 लाख लिटर. ती गाडी अवश्य दाखवावी, कारण ती देखणी दिसते. तेच पाणी टँकरमधून ड्रममध्ये आणि ड्रममधून तांब्यात कसे उतरते, या फंदात पडू नये. आठ-दहा दिवसांनी नळ येतो तेव्हा आमच्याकडे रात्री दोनला दिवा लागतो, आई मोटार सुरू करते, वडील पाइप धरून उभे राहतात आणि हंडे, बादल्या संपल्या की पीठ मळायची परातसुद्धा भरून घेतली जाते. त्याच खोलीत बारावीची मुलगी 'नीट'चा अभ्यास करत असल्यामुळे हे सारे भांडण दबक्या आवाजात चालते. 'लातूर पॅटर्न' म्हणून परीक्षेच्या ज्या कसून तयारीचे कौतुक होते, तिच्या शिकवणीचा हप्ता सोयाबीन बाजारात जाण्याच्या आधी भरावा लागतो. तेव्हा बापाला पैशांसाठी दारोदार फिरताना दाखवून मागे हलकेफुलके संगीत लावावे.

बीडकडची ऊसतोड कुटुंबे शक्यतो टाळावीत. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन ते दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या वाटेला लागतात आणि बऱ्याच घरांत लेकरे आजीपाशी राहतात. बाप सहा-सहा महिने घरात नसेल, तर बापलेकाचे खटकेबाज संवाद कोणी कोणाशी म्हणायचे?

चित्रपट लातुरात लावाल तेव्हा एक करावे: शेवट मध्यंतराआधी उरकून घ्यावा. शेजारणीचा 'नळ आला' असा फोन आला, की अर्धी रांग चपला शोधू लागते. मागच्या खेपेला आम्हीही असेच उठलो, आणि पडद्यावरच्या त्या बापाने लेकीच्या फीचे पैसे अखेर कुठून आणले, ते आम्हाला अजून कळलेले नाही.