खाडीत सोडणं म्हणजे सुटका नव्हे: बॉक्सर श्रिंपवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

बॉक्सर श्रिंपनं (खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळली जाणारी, लांब नांग्यांची पट्टेदार कोळंबी) माझा क्लीनर श्रिंप (त्याच टँकमधली दुसऱ्या जातीची कोळंबी) मारला, म्हणून अशा भांडखोर बॉक्सरला वेगळ्या टँकमध्ये हलवावं, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बॉक्सर मेलेलं खातो, मारत नाही, त्यामुळे माझा क्लीनर श्रिंप पाण्याच्या दोषानंच गेला असणार. असे लेख वाचून नवीन लोक घाबरतात. आणि एवढाच त्रास असेल तर मुक्या जिवाला काचेत कोंडण्यापेक्षा वाशीच्या खाडीत सोडून मोकळं करावं.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. सकाळी लाइट लावल्यावर बॉक्सरच्या नांगीत मासा दिसतो आणि सगळं खापर त्याच्यावर फुटतं, पण तो मासा रात्री दुसऱ्याच कारणानं गेलेला असू शकतो. म्हणून आधी अमोनिया आणि नायट्राइट (टँकच्या पाण्यात साठणारे विषारी पदार्थ) तपासा हा तुमचा सल्ला योग्यच आहे. मी तो तपास केला होता. दोन्ही शून्य, सॅलिनिटी म्हणजे पाण्याचा खारटपणा १.०२५, तापमान २६ अंश. त्याहून मोठा पुरावा म्हणजे बॉक्सर स्वतः ठणठणीत होता, गोगलगायी काचेवर फिरत होत्या. तांब्याचं औषध चुकून पाण्यात गेलं असतं किंवा सॅलिनिटी एकदम घसरली असती, तर त्याचा फटका एकट्या क्लीनरला बसला नसता. हे सगळेच प्राणी अशा बदलांना नाजूक असतात.

क्लीनरनं त्या रात्री कात टाकली होती. ही गोष्ट इथल्या प्रत्येकानं नीट पाहायला शिकावी असं मला वाटतं, कारण कात आणि मेलेला श्रिंप यांत पुष्कळांची गल्लत होते. कात पोकळ आणि पारदर्शक असते, डोकं आणि पोट जिथं जुळतं तिथं पाठीवर उसवलेली, मिशांसकट अख्खी. पाण्याच्या झोतावर ती कागदासारखी हलते. मेलेल्या श्रिंपचं मांस पांढरट किंवा गुलाबी पडलेलं असतं, ते आरपार दिसत नाही. माझ्या टँकमध्ये दोन्ही होतं. एका कोपऱ्यात अख्खी कात, आणि दगडाच्या कपारीपाशी क्लीनरचे तुकडे. कात टाकल्यावर नवं कवच कडक होईपर्यंत श्रिंप मऊ आणि असहाय असतो. तेवढ्या वेळात त्याला लपायला जागा मिळाली नाही, तर शेजारचा बॉक्सर संधी सोडत नाही.

त्याआधी टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून मी रात्री पाहत बसायचे. लाल उजेड या प्राण्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे त्यांचं नेहमीचं वागणं दिसतं. बॉक्सर कपारीच्या छताला उलटा लटकलेला असायचा. क्लीनर जवळून गेला की आधी बॉक्सरच्या पांढऱ्या मिशा तिकडे वळायच्या, मग तो खाली उतरून सरळ अंगावर जायचा आणि पाय धरायचा. एकदा तर क्लीनर पाय तिथंच टाकून निसटला. हा क्लीनर जिवंत होता, धडधाकट होता. मेलेलं खाणारा प्राणी असा पाठलाग करत नाही.

म्हणून तो दुष्ट आहे असं मी लेखात म्हटलेलं नाही, आताही म्हणत नाही. प्रवाळाला तो सहसा त्रास देत नाही, माशांच्या अंगावरचे परजीवी खातो. समुद्रात त्याची जोडी एकाच कपारीभोवती आपला इलाका धरून राहते. हे श्रिंप स्वतःचा जोडीदार इतरांतून ओळखतात, हे १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं. एवढी पक्की हद्द पाळणाऱ्या प्राण्याला आपण तीन फुटी काचेत ठेवतो. शरीर दोन-अडीच इंचांचं असलं तरी मिशा दोन्ही बाजूंना पसरल्या की टँकचा केवढा तरी भाग त्याच्या पहाऱ्याखाली येतो. एका खोलीत दोन बिऱ्हाडं कोंबल्यावर भांडणं होणारच. दुसरा श्रिंप पळून जाणार कुठं?

नवीन लोकांच्या भीतीबद्दल एवढंच म्हणते: हे आधी कळलं तर ते बॉक्सर आणि क्लीनर एकत्र घेणार नाहीत. मला तेच हवं आहे.

आता खाडी. इथं मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही, आणि हे वाचून कुणी सोडायला निघालं असेल तर त्यांनी कृपया थांबावं. बॉक्सर प्रवाळखडकांत राहणारा प्राणी आहे. त्याला स्थिर खारट, स्वच्छ पाणी आणि कपारी लागतात. वाशी पुलाखाली गाळ आहे, सांडपाणी आहे, आणि पावसाळ्यात गोडं पाणी येऊन खारटपणा पार खाली जातो. तिथं सोडलेला श्रिंप मोकळा होत नाही, मरतो. शिवाय टँकमधल्या पाण्याबरोबर रोगजंतू, परजीवी, शेवाळाचे तुकडे जातात. भूमध्य समुद्रात १९८४ साली मोनाकोजवळ सापडलेलं, मत्स्यालयातून सुटलं असं मानलं जाणारं कॉलर्पा शेवाळ पुढे किती पसरलं, हे छंदी माणसांना माहीत असतं. आपल्याकडे मत्स्यालयांतल्या सकर माशानं नद्या-धरणांत मच्छिमारांना किती त्रास दिलाय, तेही आपण वाचतो. वाशीची खाडी ही ठाणे खाडीचाच भाग, आणि ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळाला. आपल्या घरचा प्रश्न तिथं नेऊन टाकायचा आपल्याला काय अधिकार?

बॉक्सरला टँकमधून काढायचं ते असं. जाळी वापरू नका, नांग्या अडकतात आणि तुटतात. पुढच्या कातींत त्या परत येतात, पण तोवर त्याचे हाल होतात. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवा, तळाशी कोळंबीचा तुकडा ठेवा आणि लाइट बंद झाल्यावर बाटली त्याच्या कपारीपाशी आडवी ठेवा. अडकला की पाण्यासकटच हलवा. एकट्यासाठी चाळीस-पन्नास लिटरचा टँक, दोन-तीन दगड आणि एक फिल्टर पुरतो. लाइट जाण्याची सवय असलेल्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवा. माझा बॉक्सर आता असाच राहतो. लांब चिमट्यानं मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जिवांचं खाद्य) दिला की मिशा हलवत पुढे येतो. ज्यांना दुसरा टँक शक्यच नाही, त्यांनी तो विकणाऱ्या दुकानदाराला परत द्यावा किंवा ओळखीच्या छंदी माणसाकडे सोपवावा. पोट भरलेलं ठेवलं की भांडणं कमी होतात हेही खरं, पण कात टाकलेल्या क्लीनरच्या जिवावर तो प्रयोग मी करणार नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, तुमच्या चार फुटी टँकमध्ये दुसरा बॉक्सर आणू का. जमलेली जोडी असेल तरच आणा. मादी सहसा मोठी असते, आणि अंडी तयार होत असली की कवचाखालून हिरवट-निळसर रंग दिसतो. पण नुसत्या आकारावर जाऊ नका. दोन नर किंवा दोन माद्या एकत्र आल्या तर एक मरेपर्यंत भांडतात. दुकानात दोघं वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेले असतील तर ती जोडी आहे या शब्दावर विसंबू नका. एकाच टँकमध्ये, एकाच दगडाखाली शांत बसलेले दाखवा म्हणावं. दाखवत नसतील तर तुमचा आहे तो एकटाच बरा.

कळवा काय ठरतं ते.