'सेट'चे 430 अर्थ आणि मराठीची चुकीची स्तुती

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला चार जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजीत 'सेट' या एका शब्दाचे 430 अर्थ आहेत. इंग्रजांकडे शब्दांचाच तुटवडा, म्हणून एका शब्दावर सगळं भागवतात. त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. मराठीत मात्र प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र शब्द आहे, म्हणून मराठी श्रेष्ठ. पाठवणारे सगळे मराठीवर जीव असलेले. माझाही आहे. मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते, आणि हा मजकूर दोन्ही भाषांवर अन्याय करतो असं मला मनापासून वाटतं.

आधी '430 अर्थ' हा आकडा पाहू. तो कुणाच्या मनातला नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची 20 खंडांची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली, त्यात 'सेट'ची नोंद सगळ्यांत मोठी होती, सुमारे 60,000 शब्दांची, आणि 430 हा आकडा तिथलाच. पण त्या मोजणीत शतकांपूर्वी वापरातून गेलेले अर्थही धरलेले आहेत आणि 'सेट अप', 'सेट ऑफ', 'सेट आउट' अशी जोडरूपंही. शिवाय हा मान आता 'सेट'कडे राहिलेला नाही. त्याच कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी 'रन' या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली, तेव्हा अर्थ भरले 645.

दुसरं म्हणजे 'एकच शब्द' हे मुळातच चूक. क्रियापद 'सेट' जुन्या इंग्रजीतल्या 'सेट्टन'पासून आलं. 'डिनर सेट'मधला, म्हणजे संच या अर्थाचा 'सेट' आला जुन्या फ्रेंचमधून, आणि त्याचं मूळ लॅटिन 'सेक्टा', म्हणजे अनुयायांचा गट. दोन वाटांनी आलेले शब्द उच्चारात एक झाले आणि पुढे एकमेकांत मिसळले. आपल्याकडे 'नाव'चं असंच झालंय. 'नाम'पासून आलेलं ते नाव आणि 'नौ'पासून आलेली ती नाव. याला कुणी मराठीचं दारिद्र्य म्हणेल का?

आता तुटवड्याचा मुद्दा. माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान हा मुद्दा करतो, म्हणून इथे जरा थांबते. 'सेट्टन' म्हणजे 'बसवणे'. 'सिट'चं प्रयोजक रूप. बसणे-बसवणे, तसं सिट-सेट. (संसद, परिषद, उपनिषद यांतला 'सद्' हा धातू आणि इंग्रजी 'सिट' एकाच मुळातले आहेत.) हे एकदा ध्यानात आलं की तो शब्द परका वाटेनासा होतो. डॉक्टर हाड 'सेट' करतात, आपण हाड बसवतो. सोनार हिरा 'सेट' करतो, आपण हिरा कोंदणात बसवतो. आणि मराठीने हा शब्द त्याहून कितीतरी पुढे नेलाय. आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, विस्कटलेल्या घराची घडी बसवतो. घसा बसतो, धूळ बसते, धक्का बसतो, विश्वास बसतो, भाव वाढले की खिशाला चाट बसते. यातलं काहीही शब्द नव्हता म्हणून झालेलं नाही. जो शब्द रोज शंभर वेळा तोंडात येतो तोच नव्या कामाला जुंपला जातो. जास्त वापरातल्या शब्दांना जास्त अर्थ असतात, हे अमेरिकी भाषाभ्यासक जॉर्ज झिफ यांनी 1945 मध्ये मांडलं होतं.

प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र शब्द? नात्यांत ते खरं आहे. काका, मामा, मावसा या सगळ्यांना इंग्रजीत एकच 'अंकल'. पण 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, झोप लागते, भाजी खारट लागते, घाटात गाडी लागते, आणि कुणीतरी आपला मामा लागतो.

राहिला गोंधळ. शब्द एकटा कधी येतच नाही, त्यामुळे गोंधळ क्वचित होतो. आपल्या शास्त्रकारांचं 'सैंधव' हे ठरलेलं उदाहरण आहे. शब्दाचे अर्थ दोन, मीठ आणि घोडा. जेवताना 'सैंधव आण' म्हटलं की मीठ येतं, प्रवासाला निघताना म्हटलं की घोडा. अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाकशावरून ठरतो, याची यादीच व्याकरणकार भर्तृहरीने 'वाक्यपदीय' या ग्रंथात दिली आहे: सोबत आलेला शब्द, विरोध, प्रसंग, जागा, वेळ. दीड हजार वर्षांपूर्वी ज्या परंपरेने हे इतकं बारकाईने पाहिलं, तिच्याच अभिमानापोटी 'अनेक अर्थ म्हणजे दोष' असं कसं म्हणायचं?

हा मजकूर मुलांपर्यंतही जातो. नववीतल्या एका मुलीने 'द सन सेट्स' याचं भाषांतर 'सूर्याचे संच' असं केलं होतं. गणिताच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण 'संच', त्यामुळे तिच्यासाठी 'सेट' म्हणजे तेवढंच. चूक समजावून सांगायला लागले तर रडवेली होऊन म्हणाली, "बाई, चारशे तीस अर्थ मी पाठ कधी करणार?" हा आकडा तिला घरी कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवला होता. मी फळ्यावर 'बसवणे' लिहिलं आणि वर्गाला विचारलं, आपण काय काय बसवतो? फरशी, खिडकीची काच, पंप, बटण अशी उत्तरं आली. मग ती स्वतःच म्हणाली, "माझ्या भावाचा हात मोडला होता, तो बसवला." त्याच्याखाली मी 'सेट द बोन' लिहिलं. ते तिने वहीत उतरवून घेतलं, अर्थ न विचारता.