कपाळ नामंजूर

व्हिसासाठी दिलेला फोटो परत आला. कारण काय, तर कपाळ चमकतंय. काउंटरवरच्या पोराने फोटो दोन बोटांत धरून ट्यूबलाइटखाली तिरका केला, माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं आणि मागच्या रांगेला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, फोरहेडवर ग्लेअर आहे, दुसरा आणा." आता हे कपाळ काय मी आज मुद्दाम लावून आलो होतो का? पण शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियम आहे, फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, त्यात चेहरा 70 ते 80 टक्के, आणि चेहऱ्यावर कुठेही उजेड परतायचा नाही. माझे केस गेली काही वर्षं मागे मागे सरकतायत, त्यामुळे त्या 80 टक्क्यांत निम्मा वाटा कपाळाचाच. आणि मुंबईतली ऑक्टोबर हीट. चमकेल नाहीतर काय करेल.

गल्लीत एक स्टुडिओ सापडला. अर्जंट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. आत तेच सगळं जे अशा प्रत्येक स्टुडिओत असतं, खिळ्याला टांगलेला काळा कोट, इलॅस्टिकवाला टाय, सुतळीने बांधलेला कंगवा, आणि आरशाखाली पावडरचा डबा आणि पफ. तो पफ एकेकाळी गुलाबी असावा. मधोमध त्याला एक दडस, तुकतुकीत गोल पडला होता आणि कडेला कुणाचा तरी एक पांढरा केस.

"पावडर मारून घ्या साहेब," फोटोग्राफर म्हणाला.

मी हात पुढे केला आणि मागून आवाज आला, "अहो भाऊ, थांबा थांबा! ते तोंडाला लावू नका!"

बाकावर एक काकू बसल्या होत्या (वयाने माझ्याएवढ्याच असतील, पण काकूच). सोबत मुलगी, तिच्या बायोडाटासाठी फोटो काढायला आलेल्या. मुलगी मोबाइलमध्ये. काकू उठल्या, पफ नखाच्या चिमटीत उचलला आणि फोटोग्राफरला विचारलं, "हा कधी धुतलाय का हो?"

"रोज झटकतो की."

"झटकता? अख्ख्या वॉर्डाचं तेल आहे यात. मतदार यादी निघेल."

"मॅडम, नगरसेवक पण हाच लावून गेलेत."

"म्हणूनच म्हणते."

यावर फोटोग्राफर काहीच बोलला नाही, कॅमेऱ्याशी उगाच खुडबुड करत बसला. काकूंनी पर्स उघडली. टिश्यू, कॉम्पॅक्ट, छोट्या डबीत लूज पावडर, एक जाडा ब्रश, सगळं स्टुलावर मांडलं आणि मला फॅनखाली बसवलं. माझी परवानगी वगैरे घेण्याचा प्रश्नच नव्हता. "आधी टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं. घामावर पावडर मारली की कणीक होते भाऊ, मग ती वळत बसा. क्रीम लावलंय का सकाळी? मग ते मुरू दे. फाउंडेशन?"

"नाही हो!"

"मग सोपंय, खाली सरकायला काही नाही. नाहीतर पफ घासला की खालचं सगळं सरकतं. म्हणून दाबायचा. असा. दाबायचा, उचलायचा. कपाळ, नाक, हनुवटी. गालाला नको, तुमचे गाल कोरडे आहेत."

माझे गाल कोरडे आहेत हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बायकोनेही नाही.

"ताई, पण कपाळावर कुठपर्यंत लावायची? म्हणजे माझं संपतं कुठे?"

मुलीने पहिल्यांदा मोबाइलमधून डोकं वर काढलं. काकूंनी ब्रश कपाळावरून उचलून माझ्या डोक्याभोवती हवेतच फिरवला, विचार केला, आणि म्हणाल्या, "कॅमेऱ्याला दिसतं तिथपर्यंत."

मग त्या ज्या सुटल्या त्या सुटल्याच. काजळ पसरतं ना, तर डोळ्याखाली आधी हलकी पावडर दाबायची, पसरत नाही. लिपस्टिकवर टिश्यू धरून वरून पावडर फिरवायची, जेवण होईपर्यंत हलत नाही. कपाळावर बटा येत असतील तर बटांखाली मारायची, चिकटत नाहीत. लग्नाच्या सीझनला एसी बंद पडलेल्या हॉलमध्ये मेकअप टिकतो तो पावडरमुळे, पण थर द्यायचा नाही, दर तासाला डबी काढून थापत बसायचं नाही, आधी तेल टिपायचं आणि मग कमीत कमी. "आणि फ्लॅशमध्ये जपून हं. भाचीच्या रिसेप्शनला मी महागाची एचडी पावडर लावली, आरशात काही दिसत नव्हतं, आणि अल्बमभर डोळ्यांखाली दोन पांढऱ्या चकत्या! पाहुणे विचारतात, काही लागलं का." हे मात्र खरं आहे, त्या पावडरीत सिलिका असते, साध्या उजेडात ती गायब होते आणि फ्लॅश पडला की सगळा उजेड सरळ परत पाठवते. म्हणजे ग्लेअर घालवायला लावायची आणि ग्लेअरच घेऊन यायची.

मला पावडर म्हणजे लहानपणची माहीत. आंघोळ झाली की आई मानेवर, पाठीवर मारायची, ती मानेच्या वळ्यांत शाळा सुटेपर्यंत दिसायची, आणि मे महिन्यात तोच डबा आम्ही कॅरमवर रिकामा करायचो. ती पावडर म्हणजे टाल्क, आपलं शंखजिरं. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या श्रेणीत एक नंबरवर, म्हणजे सगळ्या खनिजांत मऊ, हिरा दहावर आहे. जमिनीतून काढताना त्याच्या शेजारी कधीकधी कॅन्सर करणारं अ‍ॅस्बेस्टॉस सापडतं हीच सगळ्या भानगडीची सुरुवात. जॉन्सनवाल्यांनी 2023 मध्ये जगभर टाल्कची बेबी पावडर बंद करून मक्याच्या स्टार्चची ठेवली आणि 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने टाल्कला 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलं. आणि आम्ही कॅरमवर ढग करून तोंडाने फू फू करायचो. काकूंनी लूज पावडरची डबी उघडताना झाकणातच ब्रश टेकवून झटकला आणि म्हणाल्या "श्वास धरा", तेव्हा मी गुमान धरला.

खरं सांगतो, आरशात बघितलं तर मी मीच होतो. पांढरा नाही, राखाडी नाही, फक्त कपाळावरचा दिवा विझला होता. पावडरचं काम एवढंच, तेल शोषायचं आणि उजेड पसरवून टाकायचा. फोटो झकास आला. फोटोग्राफरला मान्य करायचं नव्हतं, तो म्हणाला लाइटिंग आमचं आहे.

मग मुलीची पाळी. आणि इथे माझा मूड गेला. एवढा वेळ मला सगळं शास्त्र शिकवणाऱ्या काकूंनी पर्सच्या दुसऱ्या कप्प्यातून वेगळा कॉम्पॅक्ट काढला आणि पोरीच्या छान सावळ्या चेहऱ्यावर थापायला घेतला. तिच्यापेक्षा चांगला दोन शेड गोरा. पोरगी म्हणाली, "आई नको ना, राखाडी दिसते मी." "फोटोत नाही दिसत." फोटोग्राफर इतका वेळ फुगून बसला होता, तो लगेच कामाला आला, "काळजी नको मॅडम, मी सॉफ्टवेअरमध्ये अजून दोन टोन काढतो." झाली दोघांची दोस्ती! नगरसेवकाच्या पफवरून भांडणारे दोघं इथे एका सेकंदात एकमत. माझ्या बहिणीला दाखवायचा कार्यक्रम असला की आत्या हेच करायची, मान एका रंगाची आणि तोंड दुसऱ्या, आणि पोहे घेऊन ती बाहेर आली की समोरचे आधी मानच बघायचे. 2020 मध्ये त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातलं 'फेअर' काढून टाकलं म्हणे. नावातलं काढलं. मी बोललो काही? नाही बोललो. काकूंनी माझ्या कपाळावर फुकट मेहनत केली होती, आणि मुलगी त्यांची. फोटोचे पैसे दिले, थँक्यू म्हटलं, आणि रस्त्यावर येऊन चडफडत बसलो.

घरी येताना म्हटलं आपल्याकडे एक डबी असावी. दुकानातली मुलगी "मॅडमचा शेड काय?" मी म्हटलं मॅडमचा नाही, माझा. तिने अजिबात हसू येऊ दिलं नाही, ते तिने मुद्दाम येऊ दिलं नाही हे मला कळलं. जबड्याशी दोन-तीन डब्या धरून बघितल्या (मनगटाचा रंग वेगळा असतो म्हणे) आणि म्हणाली, "सर, तुमचा शेड येतच नाही फारसा. हा घ्या, एक शेड उजळ आहे, चालून जाईल."

"कुणाला चालून जाईल?"

"सगळे हाच नेतात सर."